बाळाचं तोंड आवरू नका, बोरन्हाणाचं ताट आवरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांत झाली. आता रथसप्तमीपर्यंत तासगावात घरोघरी बोरन्हाणं चालतील. किराणा दुकानांच्या दारात तयार पुडे टांगलेले आहेत. बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, शेंगदाणे, रेवड्या, रंगीत हलवा, आणि अलीकडे त्यात चॉकलेटच्या गोळ्याही. हे सगळं आठ-नऊ महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावर ओतायचं आणि त्यानं त्यातलं एखादं उचलून तोंडात घातलं, की जमलेल्या बायकांनी एकदम ओरडायचं, "अगं काढ, काढ, तोंडात घातलं बघ त्यानं!" दर संक्रांतीला हेच बघते. बाळ दुसरं काय करणार होतं? त्या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं हे तिथं बसलेल्या प्रत्येकीला पाठ असतं. एरवी वर्षभर आपण धुतलेला चमचासुद्धा त्याच्या हातातून हिसकावतो, "घाण सवय" म्हणून चापट मारतो, आणि एका दिवशी मात्र त्याच्या मांडीवर शेंगदाण्यांची रास घालतो. या उलट्या कारभाराबद्दल लिहावं म्हणून हे पत्र.

मी माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. घर द्राक्षबागेचं, पलीकडे बेदाण्याचं शेड, आणि सध्या घरात रांगता नातू. त्यामुळे सल्ल्यांना तोटा नाही. त्याच्या तोंडात काही दिसलं की कारणं तयारच असतात. भूक लागलीय, कॅल्शियम कमी आहे, जंत झालेत. आमच्या विहीणबाई परवा सुनेला म्हणाल्या, "अगं, पोरगं उपाशी हाय, मुठी चोखाय लागलंय." ते तासाभरापूर्वीच पोटभर पिऊन झोपून उठलं होतं. पण सगळ्यांत लोकप्रिय कारण म्हणजे दात. हे अर्धंच खरं आहे. हिरड्या शिवशिवतात तेव्हा काहीतरी चावल्यानं बरं वाटतं, मान्य. पण पहिला दात येतो साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास आणि मूठ तोंडात जायला लागते तिसऱ्याच महिन्यात. जे दातांच्या कितीतरी आधी सुरू होतं त्याचं खापर दातांवर कसं फोडायचं?

जन्मलेल्या बाळाकडे काय काय हत्यारं असतात ते बघा. डोळे आहेत, पण त्याला जेमतेम २० ते ३० सेंटीमीटरवरचं बऱ्यापैकी दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. हात आहेत, पण मुठी आवळलेल्या. तळव्यावर बोट ठेवलं तर ते घट्ट धरतं, पण ती आपोआप होणारी क्रिया असते. मनात आणून हात लांब करणं आणि वस्तू पकडणं चौथ्या-पाचव्या महिन्यात जमतं. या हातातलं त्या हातात घेणं सहाव्याच्या सुमाराला, आणि चिमटीत दाणा धरणं नवव्या-दहाव्या महिन्यात. ओठ आणि जीभ यांचं मात्र तसं नाही. त्यांना पहिल्या दिवसापासून दूध ओढायचं असतं, म्हणून त्या पोटातूनच तयार होऊन येतात. गर्भ अंगठा चोखतो हे सोनोग्राफीत दिसतं. गालाला बोट लावलं की नवजात बाळ तोंड तिकडे वळवतं, हे तर प्रत्येक बाळंतिणीनं पाहिलेलं असतं. तेव्हा ज्याचे डोळे अजून धूसर आणि बोटं अडाणी, त्यानं जगाची चौकशी कशानं करावी?

वर्गात मी स्पर्शज्ञानाचा भाग शिकवताना मुलींना एक प्रयोग करायला लावत असे. कर्कटकाची टोकं बोचतात, म्हणून खराट्याच्या दोन काड्या. एकीनं डोळे मिटायचे, दुसरीनं त्या काड्यांची टोकं थोड्या अंतरावर धरून तिच्या अंगाला हलकेच टेकवायची आणि विचारायचं, एक की दोन? पाठीवर दोन काड्या टेकल्या तरी "एकच" असं उत्तर यायचं. टोकांमध्ये चारेक सेंटीमीटरचं अंतर पडल्यावर कुठं "दोन" ऐकू यायचं. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर पुरतात, ओठावर काही मिलिमीटर, आणि जिभेच्या शेंड्यावर तर मिलिमीटरभर. जर्मनीच्या एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये ही मापं मांडली. पुढं कॅनडात मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून ते रोग्याला जागं ठेवून, फक्त कवटीची जागा बधिर करून शस्त्रक्रिया करत. मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलका स्पर्श करायचा आणि रोग्यालाच विचारायचं, कुठं मुंग्या आल्या? १९३७ मध्ये त्यांनी त्यावरून, अंगाच्या कुठल्या भागाला मेंदूत किती जागा, याचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात अख्ख्या पाठीच्या वाट्याला एवढीशी जागा आली आणि ओठ, जीभ, बोटं यांनी मोठाले पट्टे बळकावले. फळ्यावर मी त्या नकाशातला माणूस काढला, की वर्ग हसून बेजार व्हायचा. जाडे ओठ, सुपाएवढे हात आणि काडीसारखं अंग.

आता हेच घरात बघा. नातवाला मी स्टीलची छोटी वाटी दिली. तो ती आधी जमिनीवर आपटतो. मग कड तोंडात धरतो आणि एकदम गप्प होतो. हातपाय थांबतात, नजर कुठंतरी शून्यात, फक्त जीभ आतून कडेवरून फिरत असते. मग वाटी बाहेर काढून तिच्याकडे टक लावून बघतो, या हातातून त्या हातात घेतो, पालथी करतो आणि आता बूड तोंडात. पुन्हा बघणं. गार आहे, गुळगुळीत आहे, एका बाजूला खोल आहे, दुसऱ्या बाजूला फुगीर आहे, चावली तर दबत नाही. लाकडी लाटणं दिलं की सगळा कार्यक्रम पहिल्यापासून, पण वेळ जास्त लागतो, बहुतेक त्याच्या दोन्ही टोकांच्या मुठींमुळे. भुकेलं बाळ असं करत नाही. ते वाटी फेकून देतं आणि रडतं. आईवडिलांनी एकदा निवांत बसून एवढा फरक बघावा, "काढ ते तोंडातनं" हे शब्द आपोआप कमी होतील.

अमेरिकेत १९७९ मध्ये मेल्टझॉफ आणि बॉर्टन या दोघांनी महिन्याभराच्या बाळांना चोखणी दिल्या, काहींना गुळगुळीत, काहींना उंचवटे असलेल्या. चोखणी बाळाला दिसू दिली नाही. मग दोन्ही आकार समोर धरले, तेव्हा बाळं आपण चोखलेल्या आकाराकडे जास्त वेळ बघत राहिली. जिभेला कळलेलं डोळ्यांनी ओळखलं, असा त्याचा अर्थ लावला गेला. हा प्रयोग फार गाजला, पालकांसाठीच्या लेखांत अजूनही छातीठोकपणे सांगितला जातो. पण १९९९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग केला तेव्हा तसं काही आढळलं नाही. हे सहसा कुणी सांगत नाही. शास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलंय, तेव्हा एक बाजू सांगून दुसरी गिळणं मला जमत नाही. महिन्याच्या बाळाचं राहू द्या. सहा-सात महिन्यांचं बाळ तोंड, डोळे आणि हात आळीपाळीनं वापरून वस्तू तपासतं, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही.

याचा आणखी एक उपयोग सुनेला मी उष्टावणाच्या वेळी सांगितला. लहान बाळाच्या जिभेवर अगदी पुढंच काही लागलं तरी त्याला उबळ येते. जसजसं ते वस्तू तोंडात फिरवायला शिकतं आणि मोठं होतं, तशी ही उबळीची जागा मागं सरकते. घासाला जिभेनं इकडून तिकडं ढकलणं, नको ते बाहेर काढणं, हा सराव आधी वाटी-चमच्यावर झालेला बरा. ज्याच्या हाताला कायम मोजे बांधून ठेवले, त्यानं तो कधी करायचा?

वर्षाच्या पुढं हे आपोआप कमी होत जातं, कारण बोटं हुशार होतात. अडीच-तीन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचं थांबतंच. त्याउलट चांगलं चालतंबोलतं मूल रोज माती, खडू, राख, भिंतीचे पोपडे खात असेल, तर तो प्रकार वेगळा. त्यामागं बऱ्याचदा रक्तातलं लोह कमी असतं. त्याला रागवू नका, दवाखान्यात न्या आणि रक्त तपासा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की तोंडाशी भांडू नये. तोंडापर्यंत काय पोचतं त्याची जबाबदारी मोठ्यांची. आता इथं दुसऱ्या टोकाचे लोक भेटतात. "माती खाऊ दे, ताकद वाढते," असं सांगणारे निरोप मोबाईलवर फिरत असतात. आमच्या भागातल्या अंगणात नुसती माती नसते. बागेवर औषध मारून आलेला माणूस त्याच कपड्यांनी ओसरीवर टेकतो आणि पाच मिनिटांनी तिथंच बाळ रांगतं. औषधाचं माप ओट्यावर, बेदाण्यासाठी द्राक्षं ज्यात बुडवून काढतात त्या डिपिंग ऑइलचा डबा दाराआड. जंतांची अंडी मातीतूनच पोटात जातात, आणि १० फेब्रुवारीला जी जंताची गोळी देतात ती एक वर्षापुढच्या मुलांना असते, रांगत्या बाळाला नाही. फवारणीचे कपडे बाहेर उतरवा, अंघोळ करा, मग पोराला उचला. बागायतदारांना हे सांगून माझी जीभ झिजली.

जुने पाळणे हा तर स्वतंत्र विषय आहे. आजोबांच्या वेळचा लाकडी पाळणा माळ्यावरून काढायचा, त्यावर ऑइल पेंटचा आणखी एक हात मारायचा आणि बाळाला त्यात घालायचं, याचं आपल्याला मोठं कौतुक. नऊ महिन्यांचं बाळ त्याची कड धरून उभं राहतं आणि तीच कड चावतं. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं दहा लाखांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर तसेच आत आहेत. पोटात गेलेलं शिसं लहान मुलाच्या शरीरात मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषलं जातं आणि त्याचा घाला मेंदूवर पडतो. रंगाचे पापुद्रे सुटलेला पाळणा शोभेला ठेवा. बाजारातल्या काही सुरम्या-काजळांतही शिसं असतं. डोळा चोळलेली मूठ कुठं जाते ते वेगळं सांगायला नको. आणि बारशाला बांधलेल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या! जो हात दिवसभर तोंडात असतो, नेमक्या त्याच हातात दोऱ्यात ओवलेले सुटे मणी. पायात बांधा म्हणाल तर सहाव्या-सातव्या महिन्यात पायाचा अंगठाही तोंडात जातो.

पण सगळ्यांत तातडीचं आहे ते घशात अडकणं. बाळाची श्वासनलिका साधारण त्याच्याच करंगळीएवढी असते. दाढा नसल्यामुळे दाणा दळला जात नाही, अख्खाच मागं सरकतो. शेंगदाणा खालच्या फांदीत जाऊन बसला तर तो तिथं फुगतो, त्याच्या तेलानं सूज येते, आणि घरचे आठवडेन् आठवडे सर्दी-खोकल्याचं औषध पाजत बसतात. द्राक्षाचं आणखी वाईट. आमचं सोनं आहे ते, मी कसं वाईट बोलू? पण थॉमसन असो की सोनाका, पिकलेला मणी ओला, गुळगुळीत आणि दबणारा असल्यामुळे घशात बुचासारखा बसतो, शेजारून हवेला वाटच राहत नाही. हंगामात बागेवर आलेला पाहुणा कडेवरच्या पोराच्या तोंडात प्रेमानं एक मणी घालतोच. पाच वर्षांपर्यंत द्राक्ष उभं चिरून, चार फोडी करून द्यावं. बेदाणा बाळाला द्यायचाच तर भिजवून, कुस्करून. दात शिवशिवतात म्हणून हातात कच्चं गाजर देण्याची नवी पद्धत निघालीय तीही नको, पुढच्या दोन दातांनी त्याचा तुकडा पडतो.

खेळण्यांसाठी आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. जो भाग त्या नळीत पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो असं धरतात. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, म्हणजे तेही त्यात आरामात जातं. घरात दुसरं माप नसेल तर एवढं ध्यानात धरा, की त्या नाण्याहून जराशी मोठी, त्याच्याएवढी किंवा त्याहून लहान कुठलीच वस्तू जमिनीवर नको. आमच्या गणपतीच्या रथोत्सवात, किंवा कुठल्याही जत्रेत, पाल टाकून विकतात त्या दिव्याच्या आणि गाण्याच्या खेळण्यांवर ती खूण मी शोधून शोधून थकले. त्यांच्या पोटात बटण सेल असतात, झाकणाला बहुतेक वेळा स्क्रूही नसतो. २० मिलिमीटरचा असा सेल बाळाच्या अन्ननलिकेत अडकला तर लाळेतून वीज वाहून तिथं तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत भाजून जखम होते. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी "शीवाटे पडंल उद्या" म्हणून थांबू नका, केळं खायला घालू नका, मिरज-सांगली गाठा आणि लगेच एक्स-रे काढून घ्या.

अडकलंच तर काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवत नाही. बाळ जोरात खोकत असेल, रडत असेल, तर हवा चालू आहे, त्याला खोकू द्या. आवाजच बंद झाला, ओठ काळेनिळे व्हायला लागले, तर वेळ नाही. वर्षाखालच्या बाळाला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा आपल्या बोटांनी धरलेला. तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा, चांगल्या जोरात. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाबायचं. पुन्हा पालथं, पुन्हा उताणं, आणि तेवढ्यात दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. दिसत नसताना घशात बोट घालून चाचपायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. पाय धरून उलटं टांगायचं नाही. डोक्यावर तेल आणि तोंडात पाणी घालणाऱ्या आजीबाईंना हातानं बाजूला करायचं, मग त्या कितीही मानाच्या असोत. हे नुसतं वाचून हाताला येत नाही, म्हणून आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरांना बाहुलीवर करून दाखवायला सांगा. त्यांना विचारायला लाजू नका.

बोरन्हाण बंद करा असं मी म्हणत नाही. काळं झबलं आणि हलव्याचा मुकुट घातलेलं पोर पाटावर बसलेलं बघायला मलाही आवडतं. फक्त क्रम बदला. पाटावर बसवून ओवाळा, डोक्यावरून झेंडूच्या-शेवंतीच्या पाकळ्या टाका, हवे तेवढे फोटो काढा. पाकळ्या तोंडात जाऊ नयेत म्हणून आईनं शेजारीच बसावं. मग बाळाला उचलून कडेवर घ्या आणि त्यानंतर आळीतल्या मोठ्या पोरांसाठी बोरं, करवे, रेवड्या उधळा. लुटायची खरी मजा त्यांचीच असते, बाळाला त्यातलं काही कळत नाही. हलव्याचे दागिने फोटोपुरते घाला आणि लगेच काढा. हार ओढला की दोरा तुटतो आणि एकेक दाणा मुठीत येतो. सगळं आटोपल्यावर सतरंजी झटका, कपाटाखालून केरसुणी फिरवा. दुसऱ्या दिवशी चिमटीनं उचललेला शेंगदाणा बहुधा तिथलाच असतो.

संपादकसाहेब, आपल्या पुरवणीत दरवर्षी संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांचे सुंदर फोटो येतात. त्याच पानाच्या कोपऱ्यात, वर लिहिलेल्या पाच थापा आणि पाच दाब यांची चित्रांसहित एक चौकट छापता येईल का? एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडून ती तपासून घ्या. यंदा संक्रांत होऊन गेली, पण रथसप्तमीच्या आधीचा रविवार अजून हातात आहे. आमच्या वाचनालयाच्या फलकावर ती चिकटवायचं काम माझं.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
तासगाव, जि. सांगली